पहिली बोली, अहिराणी

फुई,

या महिन्याची यादी लागली. तुझं तेरावं झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी. प्रॅक्टिकल संपवून मी कॉलेजच्या जिन्यात उभी होते, फोन वाजला, आणि सवयीने मी सगळं मनात रचायला लागले: एकूण घरं किती, कुठल्या कुठल्या आवासात, कितवा मजला. तुला ते क्रमानेच सांगावं लागायचं. मजला आधी सांगितला तर तू हात वर करून थांबवायचीस. "थांब. आधी गाव सांग, मंग घर." गाव म्हणजे तुझ्या हिशेबाने सुरतेतला तो भाग, डिंडोली की लिंबायत की आणखी कुठला. अर्धा जिना उतरेपर्यंत मी रचतच होते. मग आठवलं.

तुला वाचता येत नव्हतं, तरी लिहिते आहे. कुठलाही कागद हातात आला की तू आधी तो उलटा करून बघायचीस, मग माझ्याकडे द्यायचीस. "वाच, मी ऐकस." हेही तसंच समज.

रडण्याबद्दल लिहावंसं वाटत नाही. ते घरात पुष्कळ झालं, आईचं तर अजून चालू आहे. मला त्या घरांबद्दल लिहायचं आहे, जी आपल्याला मिळाली नाहीत. आणि त्या एका घराबद्दल, जे मिळालं होतं आणि तू परत पाठवलंस.

आपल्या खोलीचा मालक पहिल्यांदा म्हणाला की चाळ पाडून वर मजले चढवायचे आहेत, दुसरी जागा बघायला लागा, तेव्हा आप्पांनी नुसतं "बरं" म्हटलं आणि लूमवर निघून गेले. बारा तासांची पाळी करणारा माणूस जागा बघणार कधी? तूच कुठूनतरी ऐकून आलीस की सरकारी आवास योजनेतली उरलेली घरं देतात आणि एकट्या बाईच्या नावाने अर्ज घेतात. मी तेव्हा बारावीची परीक्षा देऊन घरी बसले होते. आपण दोघी नवागामहून रिक्षाने कचेरीत गेलो. अर्ज गुजरातीत होता. मी रकाने वाचत गेले, तू सांगत गेलीस. नाव. वय, इथे तू तुझ्या धाकट्या भावाच्या, आप्पांच्या, वयात चार मिळवलेस. कुटुंबातल्या व्यक्ती, चार. सहअर्जदाराचा रकाना आला तेव्हा मी म्हटलं, आप्पांचं नाव टाकते.

"तुन्हं टाक," तू म्हणालीस.

"माझं कशाला?"

"तो पाळी सोडीसन येवाव नही. तू येशी."

मग आलं, बोली एक.

"अहिरानी," तू म्हणालीस. "लिख."

आणि मी लिहिलं. फुई, मी विज्ञान शाखेची मुलगी, मला काहीसुद्धा खटकलं नाही. घरात अहिराणी बोलतो, सरकारला ते हवं असेल, असंच वाटलं. पुढे बोली दोन. तू जरा विचार केलास. "मराठी." बोली तीन. "गुजराती. पन थोडी थोडी लिख." मी कंसात 'थोडी थोडी' असंही लिहिलं.

खिडकीतल्या भाईंनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसून परत घातला. "बेन, आ शुं लख्युं छे?" शेजारच्या टेबलावरच्या माणसालाही त्यांनी तो दाखवला.  मग त्यांनी समजावून सांगितलं. ही घरासाठी लावायची बोली. दर महिन्याला उरलेल्या घरांची यादी लागते, त्यातली तीन घरं आपण निवडायची, एक, दोन, तीन, आणि तीही फोनवरून. एकाच घरावर पुष्कळांनी बोली लावली तर ज्याची नोंद सगळ्यांत जुनी, त्याला घर. मिळालेलं घर दोनदा नाकारलं तर नाव कायमचं कटलं.

"पैसा कितला बोलना?" तू विचारलंस.

"पैसा नहीं, माजी. सिर्फ पसंद."

"पैसा नही, मंग बोली कसानी?" तू माझ्याकडे वळून म्हणालीस आणि उत्तरही तूच दिलंस. "म्हंजे बोलनंच शे."

मी मान खाली घालून नवा अर्ज भरत होते. मला वाटलं तू चेष्टा करतेस.

पहिली यादी लागली तेव्हा मी हुशारी दाखवली. आज या घरावर बोली लावली तर तुमचा नंबर कितवा, हे फोनवर प्रत्येक घरापुढे दिसतं. जिथे गर्दी कमी तिथे आपला नंबर वर. मी खोलीत बसून दहा मिनिटांत तीन घरं काढली. तू विचारलंस, घर पाहिलं का? मी म्हटलं, कुलूप असतं त्यांना. "भाईरथीन दखू." मी म्हटलं, फुई, सगळे फोनवरूनच लावतात. तर तू कातर खाली ठेवलीस आणि म्हणालीस, "सम्दा लोके घर न दखता घर मांगतस?" आणि असं काही आश्चर्याने म्हणालीस की मलाच लाज वाटली.

मग सुरू झालं आपलं फिरणं. यादी लागली की पहिल्या रविवारी आपण निघायचो. तू साड्यांचं गाठोडं अर्धं ठेवून उठायचीस आणि तशीच यायचीस, अंगाला निळे, गुलाबी, सोनेरी धागे चिकटलेले. मी रिक्षात बसल्यावर एकेक उपटून काढायचे. तू म्हणायचीस, राहू दे, परत लागतीलच.

एवढी वर्षं तू भरतकामाच्या साड्यांचे धागे कापलेस, पण साडीची सुलटी बाजू तू कधी नीट पाहिली असशील असं मला वाटत नाही. एका फुलापासून दुसऱ्या फुलापर्यंत मागून जे लोंबते धागे जातात, ते कापणं तुझं काम. साडी हातात आली की ती उलटी मांडीवर. इमारतीचंही तू तेच केलंस. मी गेटपाशी उभं राहून रंग बघायचे आणि तू सरळ मागच्या बाजूला चालू लागायचीस. मागे काय असतं? पाइप, गटार, वाळत घातलेले कपडे, फेकलेल्या पिशव्या. तू तिथे कमरेवर हात ठेवून उभी राहायचीस आणि वाचायला लागायचीस. हो, वाचायलाच. तिसऱ्या मजल्यावरचा पाइप गळतो, म्हणून खालच्या भिंतीला शेवाळ. दोरीवर शाळेचे कपडे खूप, म्हणजे आठे, या इमारतीत, पोरं शाळेत जातस. त्या खिडकीला दोन पडदे वेगवेगळे, तिथे भाऊ-भाऊ वेगळे झालेत. मी हसायचे. एकदा मी मुद्दाम वर जाऊन विचारून आले, तर खरोखर दोन भाऊ एकाच घरात दोन चुली मांडून राहत होते. त्यानंतर मी हसले नाही.

आणि मग तू जिना चढून त्या बंद दारापाशी जायचीस. कुलपाला हात लावायचीस. दोनदा ठोकायचीस. आणि बोलायचीस.

"आम्ही चार जनं शेतस. पानी सांडतस नही. भांडन करतस नही. ठेवशी का आम्हले?"

पहिल्यांदा तू हे केलंस तेव्हा मी दोन पायऱ्या खाली उतरून उभी राहिले, कोणाला वाटू नये की मी तुझ्याबरोबर आहे. खाली आल्यावर मी म्हटलं, "भांडत नाही हे साफ खोटं आहे. तू आणि आई रोज भांडता."

"घराले काय समजस?" तू म्हणालीस. "आते आपले कोन वळखस आठे?"

त्या दोन-अडीच वर्षांत आपण सत्तरेक दारं पाहिली असतील. माझ्याकडे फोनमध्ये फोटो होते, तुझ्याकडे काहीच नव्हतं. आणि तरी सहा महिन्यांनी एखादं घर परत यादीत आलं की मी फोटो शोधेपर्यंत तू सांगून मोकळी व्हायचीस, "ते पिवळी जाळीनं. जिनाले कठडा नही. नको." मी वर्गात नावं पाठ करते, मूलद्रव्यांची, संयुगांची, आणि परीक्षेनंतर विसरते. तू एकही घर विसरली नाहीस. मी हे आमच्या मॅडमना सांगितलं होतं, तुला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. मला तुझं फार नवल वाटायचं, फुई, पण मी ते चेहऱ्यावर येऊ दिलं नाही.

एक गोष्ट आणखी. बाहेर तू माझ्याशी अहिराणीत बोलायचीस आणि मी गुजरातीत उत्तर द्यायचे. बसमध्ये, रिक्षात, कचेरीत. वर्गातलं कोणी ऐकेल म्हणून. तू कधी रागावली नाहीस. एकदाच लिंबायतला रिक्षातून उतरताना म्हणालीस, "तुन्ही तिसरी बोली सुधरनी वं." मी खिडकीतला तो कंस आठवून हसले. नंतर घरी गेल्यावर ते मला बोचलं.

आता ते घर.

मागच्या थंडीत कडोदऱ्याच्या बाजूच्या आवासात आपला पहिला नंबर लागला. वॉचमनने कुलूप काढलं. चौथा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकाचा ओटा. आईने नळ सोडला आणि पाणी येत राहिलं, तिने तो किती तरी वेळ बंदच केला नाही. आप्पा अर्धी पाळी सोडून आले होते. ते गॅलरीत उभे राहिले आणि परत जाताना त्यांनी सगळ्यांना उसाचा रस पाजला. हो की नाही सांगायला पंधरा दिवस होते. कोणाला वाटणार होतं की त्यात विचार करण्यासारखं काही आहे? मालक रोज दारात येऊन विचारत होता, कधी निघता.

त्या पंधरा दिवसांत तू दोन-चारदा संध्याकाळी घरी नव्हतीस. मी सात वाजता दमून यायचे आणि चहा नसायचा. तू उशिरा यायचीस, गुडघे धरून बसायचीस. कुठे होतीस म्हटलं तर, "माल देवाले गयथी." मी कुरकुरले होते. मला ते चांगलं आठवतं.

चौदाव्या दिवशी आपण जेवायला बसलो असताना तू म्हणालीस, "मी अंगठा देवाव नही. माले तठे करमस नही."

आप्पांचा घास हातातच राहिला. "आक्का, तुन्हं डोकं फिरनं का?"

"फिरनं असी."

"घर उनं आनि तू वापस करस?"

"माले करमस नही," तू परत म्हणालीस. तेवढंच. आई भांडी आवाज करत उचलू लागली. आणि मी बोलले. मी अहिराणीत बोलले नाही, घरात असून. मी पुस्तकातल्यासारखं मराठी बोलले, मुद्दाम. "तुला करमत नाही म्हणून आम्ही सगळ्यांनी रस्त्यावर यायचं का? हा नुसता हट्ट आहे, फुई. तुला दुसऱ्यांचा विचारच करता येत नाही."

तू माझ्याकडे बघितलंस. "कालेजनी बोली लावनी का माले?" असं म्हणालीस आणि हात धुवायला उठलीस.

त्यावर आपण पुन्हा कधी बोललो नाही. मालकाचं बांधकाम त्याच्याच कुठल्याशा परवानगीत अडकलं, म्हणून आपण त्या खोलीत राहिलो. पण नातेवाइकांत तुझं नाव 'घर परत पाठवणारी' असं पडलं. लग्नाकार्यात कोणी ना कोणी विचारायचं, काय आक्का, बंगला पाहिजे होता का? तू हसायचीस. मी तिथे असायचे. एकदाही तुझी बाजू घेतली नाही. महिनाभराने यादी लागली, तू गाठोडं बाजूला सारलंस, आपण पुन्हा निघालो, आणि मला वाटलं झालं, मिटलं. मिटलं नव्हतं. मी नुसती बोलायची थांबले होते. तू दवाखान्यात दोन दिवस होतीस, मी उशाशी होते, तेव्हाही मनात होतं की विचारावं, का गं नाही म्हणालीस? पण मला वाटलं, आता कशाला, बरी होऊन घरी आली की विचारू.

तू गेल्यावर मी कचेरीत गेले. वाटलं होतं अर्ज तुझ्याबरोबरच संपला असेल, आता परत शेवटून सुरुवात. त्याच खिडकीत तेच भाई होते. त्यांनी मृत्यूचा दाखला पाहिला, कागद चाळले आणि मान वर केली. "अहिराणीवाळा माजी?" मी हो म्हटलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, सहअर्जदार तुम्ही आहात, नोंद त्याच तारखेची राहील, फक्त सही बदलेल. मी सही केली. तू म्हणाली होतीस, तू येशी. मी आले.

कुटुंबातल्या व्यक्ती, या रकान्यात त्यांनी चार खोडून तीन केलं आणि मला दाखवलं. मी मान हलवली.

या यादीत तीन घरं आपल्या कामाची होती, त्यातली दोन सांगते. एक, त्याच कडोदऱ्याच्या बाजूच्या आवासात, दुसरा मजला. माझ्या नावापुढे नंबर दिसत होता, पहिला. बोली लावली की घर आपलं. दुसरं लिंबायतच्या आवासात, जिथे मागे शाळेची भिंत आहे आणि गेटपाशीच रिक्षा उभ्या असतात. तुला आठवत असेल. तू तिथे म्हणाली होतीस, "आठलं घर निंघनं तर सोडू नको." पण तिथे माझा नंबर तिसरा होता. मालकाची परवानगी आता आली आहे. होळीनंतर तो थांबणार नाही. आणि कडोदऱ्याकडचं एक घर तू आधीच नाकारलेलं, म्हणजे आता मिळालेलं घर परत नाकारलं तर आपलं नाव कायमचं जाणार.

आप्पा म्हणाले, "आते तरी लाव बोली तठे." आता तरी. म्हणजे आता नाही म्हणायला तू नाहीस. त्यांना तसं म्हणायचं नव्हतं, पण ते तसंच ऐकू आलं. आणि खरं सांगते, मलाही ते पटलं होतं. मी ठरवलंच होतं. फक्त तुझी पद्धत मोडायची नाही म्हणून, दार बघून यावं, एवढ्यासाठी गुरुवारी प्रॅक्टिकल संपल्यावर मी सरळ तिकडची बस पकडली.

मी उतरले तेव्हा अंधार पडला होता. आधी आपण तिथे भर दुपारी गेलो होतो, रिक्षाने, गेटपर्यंत. बसस्टॉपपासून ते गेट इतकं लांब आहे हे मला माहीतच नव्हतं. एका बाजूला बंद पडलेल्या कारखान्याची भिंत, दुसऱ्या बाजूला मोकळी जमीन, त्यात उभे केलेले ट्रक. दिवे नाहीत. ट्रकच्या पायरीवर माणसं बसलेली. कोणी काही केलं नाही, कोणी काही बोललंही नाही. तरी मी फोन कानाला लावला आणि बंद फोनवर बोलत चालले, मोठ्या आवाजात, गुजरातीत. गेटपाशी भाजीच्या हातगाडीवर, लारीवर, दिवा दिसला तेव्हा मी जवळजवळ पळत होते.

लारीवरच्या मावशींनी मला पाणी दिलं. मी म्हटलं, दुसऱ्या मजल्यावरचं घर बघायला आले. त्या आपल्याकडच्याच निघाल्या, बोलण्यावरून कळलं.

"या टायमाले?" त्या म्हणाल्या. मग हसल्या. "मागला हिवाळामा एक बाई येत जाय, तीबी याच टायमाले. अंगले सम्दा धागाच धागा."

मी पाण्याचा गडू धरून उभी राहिले.

त्यांनी सांगितलं ते तुला माहीतच आहे. पण मला लिहू दे. मंगळवारी आणि गुरुवारी, दोन आठवडे. बसमधून उतरायचीस, त्या रस्त्याने एकटी चालत गेटपर्यंत यायचीस, लारीपाशी बसून दम घ्यायचीस आणि तशीच परत चालत जायचीस. मावशींनी विचारलं, बाई, कोणाची वाट बघता? तू म्हणालीस, "कोनीनी नही. मन्ही पोर आठून चालनार शे, म्हनीसन चाली दखस." मग तू त्यांना विचारलंस, तुमची पोरगी कॉलेजात जाते का? त्या म्हणाल्या, दहावीपर्यंत गेली, मग या रस्त्यापायी घरी बसवली.

"मी खरं सांगी टाकं," मावशी मला म्हणाल्या. "खोटं काब्र सांगू? तिनी मन्हाकडे दखं आनि निस्तं 'बरं' म्हने. मंग कव्हयच उनी नही."

मंगळवार आणि गुरुवार, फुई. माझ्या प्रॅक्टिकलचे दिवस. तुला घड्याळ वाचता येत नव्हतं. मी कधी उतरते, कुठल्या बसने, कुठल्या वारी, हे तू न विचारता पाठ केलं होतंस, आणि तुझ्या त्या गुडघ्यांनी माझा रस्ता माझ्याआधी चालून पाहिलास. मी त्याच वेळी घरी बसून चहा नाही म्हणून चिडले होते.

मला आधी एवढंच कळलं. पुढचं बसमध्ये बसल्यावर कळलं. तू हे घरात का सांगितलं नाहीस. रस्ता वाईट आहे असं तू म्हणाली असतीस तर आप्पांनी काय म्हटलं असतं? आलेलं घर कोण सोडतं, पोरीचं कॉलेज बंद करू. आई हो म्हणाली असती. मी सुद्धा, त्या नळाचं पाणी बघून, कदाचित हो म्हटलं असतं. म्हणून तू माझ्या कॉलेजचा शब्दच तोंडातून काढला नाहीस. माले करमस नही, एवढंच म्हणालीस. विक्षिप्त म्हातारी झालीस आणि वर्षभर तशीच राहिलीस, सगळ्यांसमोर. माझ्यासमोरसुद्धा.

मी त्या बसमध्ये तुझ्यापुढे किती लहान झाले ते मला लिहिता येत नाही.

पण भांडण अजून संपलेलं नाही गं, फुई. मला सांगायला हवं होतंस. मी लहान नव्हते. आप्पांशी मी भांडले असते, हरले असते तरी माझं मी हरले असते. तुला मी त्या रात्री जे बोलले ते बोलले नसते. तू मला तेवढीही संधी दिली नाहीस. यावर तू काय म्हणाली असतीस ते मला ऐकू येतं, "भाषण झायं का?" पण मला उत्तर हवं होतं, टोमणा नाही.

घरी येऊन मी आप्पांना सांगितलं. ते पाळीवर निघायच्या तयारीत होते, डबा हातात होता. मी सगळं सांगेपर्यंत ते उभेच राहिले. मग खाली बसले, तुझ्या कातरीजवळ, जिथे तू बसायचीस.

"आक्काले मालूम व्हतं," ते म्हणाले, "मी काय म्हनतू ते."

 आई आतून म्हणाली, पाळीला उशीर होतोय. आप्पा उठले आणि दारातून वळून मला म्हणाले, "तुले जठे पटी, तठे लाव." त्यांनी आजवर कुठलीच गोष्ट अशी माझ्यावर सोडली नव्हती.

कडोदऱ्याकडचं घर मी यादीतून सोडलं. पहिला नंबर होता, बोट त्यावर दोनदा गेलं, पण सोडलं. लिंबायतच्या घरावर पहिली बोली लावायची ठरवली. माझ्यापुढे दोघं आहेत. ते दुसरीकडे वळले तर घर आपलं, नाहीतर पुढची यादी, आणि मग होळी. मला भीती वाटते. हे तुला सांगितलंच पाहिजे, कारण मी फार धीट झाले असं तुला वाटायला नको.

आज रविवार. मी एकटीच गेले. आधी मागच्या बाजूला गेले, कमरेवर हात ठेवून उभी राहिले. मला तुझ्याइतकं वाचता येत नाही. पाइप कोरडे दिसले. दोऱ्यांवर शाळेचे कपडे होते, आणि एका दोरीवर पांढरा ॲप्रन, प्रयोगशाळेत घालतात तसा, मुलीच्या मापाचा. मी त्याच्याकडे किती तरी वेळ बघत राहिले.

मग वर गेले. दाराला कुलूप होतं. जिन्यात एक बाई बादली घेऊन चढत होती, मी ती जाईपर्यंत थांबणार होते. मग आठवलं की तू कधीच कोणी जायची वाट पाहिली नाहीस. मी कुलपाला हात लावला, दोनदा ठोकलं, आणि बोलले. पहिल्या बोलीत. आवाज लहानच निघाला, पण निघाला. ती बाई बादली खाली ठेवून बघत राहिली.

"आम्ही चार जनं शेतस," मी म्हटलं. "पानी सांडतस नही. भांडन करतस नही. ठेवशी का आम्हले?"

कचेरीच्या कागदावर तीन आहे, ते त्यांचं बरोबर आहे. दारापाशी माझ्या तोंडून चारच निघालं आणि मी ते सुधारलं नाही. घराले काय समजस.